खंडेनवमीचा सांधा

“हंड्याला हार घालायचा नाही, लोणकर. आणि नारळ फोडायचाच असेल तर जिन्याखाली जाऊन फोडा.”

हर्डीकर सर प्रयोगशाळेच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभे होते. समोर लोणकरमामा. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात तबक, तबकात झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ आणि एक छोटी पितळी समई. मामा आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, सासवडकडचे. वर्षभर सरांचा शब्द खाली पडू देत नसत. खंडेनवमीला मात्र ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

“आवो सर, आज शेतकरी औताला हळदकुंकू लावतो, सुतार करवतीला लावतो. आपल्याच हत्यारांनी काय घोडं मारलंय?”

“आपली हत्यारं आज काम करताहेत. कुंकवाचा एक कण त्या जोडणीत गेला, तर तुमचा देव येणार आहे का पुसायला?”

मी दोघांच्या मधे शिरले. वय सव्वीस, नोकरी कंत्राटी, आणि भांडणात मधे पडायची खोड जन्मजात. “सर, कोपऱ्यातल्या टेबलावर पान्यांची आणि स्क्रूड्रायव्हरची पूजा करू दे ना मामांना. हंड्यापासून लांब. मी लक्ष ठेवते.”

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तूही त्यातलीच?”

“माझ्या आईने गावच्या वेतोबाला गाऱ्हाणं घातलंय, सर. आता मी कुठलीच रिस्क घेणार नाही.”

सर वैतागून बाजूला झाले. मामांनी पूजा केली, समई लावली, मला गूळखोबरं दिलं. सरांनी ते घेतलं नाही, पण जाताजाता वाटीतून उचललेलं मी पाहिलं. मी समईला हात जोडले. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मी तिथल्या पक्कडीलासुद्धा हात जोडले असते.

कारण हंड्यात माझा सांधा होता.

हंडा म्हणजे क्रायोस्टॅट, माणसाच्या छातीएवढा उंच थर्मास. त्यात द्रवरूप हेलियम, आणि त्या भयानक थंडीत बुडवलेलं अतिवाहक तारेचं एक वेटोळं. अतिवाहक तारेचं वैशिष्ट्य असं की तेवढ्या थंडीत तिच्यातून वीज बिनविरोध वाहते. एकदा प्रवाह भरा, बाहेरचा पुरवठा काढून घ्या, तो आपला आत गोल गोल फिरत राहतो. एमआरआय यंत्राचा मोठा चुंबक याच तत्त्वावर चालतो. तार चांगली असते, ती विकत मिळते. घोडं अडतं ते सांध्यापाशी. वेटोळं पुरं करायचं तर तारेची दोन टोकं जोडावी लागतात, आणि त्या सांध्यात कणभर जरी रोध राहिला तरी प्रवाह हळूहळू मरतो. सांधा कसा करायचा हे परदेशी कंपन्या कुणाला सांगत नव्हत्या. आम्ही ते आमचं आम्ही शोधत होतो. तालुक्याच्या इस्पितळांना परवडेल असा छोटा चुंबक इथेच बांधायचा, हे हर्डीकर सरांचं वेड होतं.

ते वेड मला लागायला कारण होतं. माझ्या बाबांच्या पाठीचा एक फोटो काढायला आम्हाला त्यांना वेंगुर्ल्याहून जीपमधे आडवं घालून, घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागलं होतं. घाटाच्या प्रत्येक वळणावर ते ओठ चावत होते. तेव्हा मी कॉलेजात होते. तो घाट मी विसरले नाही.

सांध्याचं काम हाताचं. तारेवरचं तांबं ॲसिडने उतरवायचं. आत केसांसारखे शेकडो तंतू असतात. दोन्ही टोकांचे तंतू मोकळे करायचे, विंचरायचे, एकत्र वळायचे आणि वितळलेल्या शिशा-बिस्मथमधे बुडवायचे. आत हवेचा एक बुडबुडा राहिला की संपलं. धाकट्या बहिणीची वेणी घालून माझा हात तयार होता म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तरी आधीचे सगळे सांधे नापास झाले होते. मापलेल्या प्रत्येक सांध्यात प्रवाह काही तासांत ढेपाळायचा.

संचालकांनी अखेर सरांना बोलावून सांगितलं होतं: हे हेलियमचं शेवटचं पिंप. यात सांधा सिद्ध झाला तर प्रकल्प पुढे. नाहीतर दसऱ्यानंतर गट मोडायचा, चुंबक बाहेरून मागवायचा. गट मोडला की सरांना दुसऱ्या विभागात टेबल मिळणार होतं आणि मला वेंगुर्ल्याचं तिकीट.

इतका लहान रोध कुठल्याही मीटरवर सरळ दिसत नाही, म्हणून आम्ही उलट्या वाटेने जायचो. वेटोळ्यात प्रवाह भरायचा, मधोमध चुंबकत्व मोजणारा एक बारीक संवेदक ठेवायचा आणि बाहेरच्या मीटरवरचा आकडा बघत बसायचं. आकडा पडला तर सांध्यात रोध आहे. आकडा जागचा हलला नाही तर सांधा पास. जितका जास्त वेळ हलणार नाही तितका सांधा चांगला. म्हणजे काहीच घडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं.

अष्टमीच्या सकाळी प्रवाह भरला. पहिला थोडा वेळ आकडा उतरला, तो नेहमीच उतरतो, प्रवाह तारेत आपली जागा धरत असतो. मग स्थिरावला. रात्रभर संगणकाने रेघ काढली. नवमीला सकाळी येऊन पाहते तर रेघ ताणून धरलेल्या दोरीसारखी सरळ. माझा विश्वास बसेना. मी सरांना हाक मारली. सर बराच वेळ वाकून बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “अजून चोवीस तास. उद्या सकाळपर्यंत हेलियम पुरेल. नाचू नकोस.”

मी नाचले नाही. मग पूजा झाली, मामा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी गेले आणि दुपारी मी कॅन्टीनला गेले. साबुदाण्याची खिचडी थंडगार होती. आईचा फोन आला.

“बाय, जेवलंस?”

“खाते आहे, आई.”

“तुझो तो सांधो धरलो काय गो?”

“धरलाय आत्तापर्यंत.”

“धरतलो. तू भियां नको. वेतोबाक मी नीट समजावन सांगलंय.”

वेतोबाला अतिवाहकता कशी समजावली असेल याचा विचार करत मी जिना चढले. बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी मला स्वतःचे हात आवडले होते.

आत आले तर सर संगणकासमोर उभे. बसलेले नाहीत, उभे. निर्वात पंप नेहमीसारखा घरघरत होता.

“केतकी, पडतोय,” ते म्हणाले.

रेघ वाकली होती. दुपारपर्यंत सरळ आलेली ती रेघ मधेच मान टाकावी तशी खाली निघाली होती. थोडी, पण स्पष्ट. मी हेलियमची पातळी पाहिली, ती ठीक होती. जोडण्या पाहिल्या, घट्ट होत्या. कागद ओढला आणि उतारावरून रोध काढला. आधीच्या नापास सांध्यांच्या रांगेत नेऊन बसवणारा आकडा आला. पुन्हा काढला. तोच.

सर खुर्चीत बसले. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

“झालं,” ते म्हणाले. “तू हात चांगला चालवलास. पण नाही धरला.”

“सर, मीटर तर चुकत नसेल?”

“नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणू नये. आपण विज्ञान करतो.” त्यांनी फोनकडे हात नेला. “संचालकांना कळवून टाकतो. उद्या दसरा. निदान त्यांना आज कळू दे.”

“थांबा ना, सर. थोडं थांबा.”

“कशासाठी?”

कशासाठी ते मला माहीत नव्हतं. मला फक्त तो फोन व्हायला नको होता. रडू येत होतं, आणि सरांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी भराभर बोलत सुटले. “सर, सांध्यात रोध असता तर तो कालपासून असायला हवा होता. रात्रभर शहाण्यासारखा वागलेला सांधा खंडेनवमीच्या दुपारी बिघडतो कसा? रोध काय पंचांग बघून येतो का?”

सरांचा फोनवरचा हात निघाला.

“बाहेरून काही आलं असेल,” मी म्हणाले. “कुणी लोखंडी कपाट हलवलं? खाली ट्रक उभा आहे?”

मी खिडकीतून पाहिलं. खाली सुट्टीचा शुकशुकाट. परत येऊन खुर्चीवर बसले आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला माझा स्वेटर माझ्या पाठीला टोचला.

इथे स्वेटरबद्दल सांगायला हवं. त्या प्रयोगशाळेत आम्ही बारा महिने स्वेटर घालायचो. मीटर जुना होता आणि नाजूक नाकाचा. खोली जरा गरम झाली की त्याचा आकडा सरकायचा. म्हणून एसी कायम एकाच थंडीवर चालू असायचा, आणि त्याच्या बटणावर सरांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून डकवली होती: ‘बंद करू नये. हर्डीकर.’ बाहेर ऑक्टोबरची काहिली आणि आत आम्ही लोकरीत. कॅन्टीनवाला आम्हाला काश्मिरी म्हणायचा.

आणि आत्ता माझा स्वेटर खुर्चीवर होता. आल्याआल्या मी तो काढून टाकला होता, नकळत. माझ्या मानेवर घाम होता. सरांच्या स्वेटरच्याही बाह्या कोपरापर्यंत वर होत्या.

“सर, उकडतंय,” मी म्हणाले.

“काय?”

“उकडतंय! इथे!”

मी एसीकडे धावले. पाटीखालचं बटण बंद होतं. पंपाच्या घरघरीत त्याचं गप्प होणं कुणाला कळलंच नव्हतं. मी खटकन चालू केलं आणि वळले. एसीचा पहिला झोत थेट कोपऱ्यातल्या टेबलावर गेला. समईची ज्योत आडवी झाली.

तेव्हा मला उलगडलं. दिवा वाऱ्याने जाऊ नये म्हणून कुणीतरी एसी बंद केला होता. कुणीतरी म्हणजे कोण, यात मला शंका नव्हती. मी रागाने मामांना फोन लावला.

“मामा, एसी तुम्ही बंद केलात?”

“म्या? आवो ताई, ती पाटी दिसती का मला न्हाई! म्या कशाला हात लावू?”

“मग तुमची समई विझू नये म्हणून—”

मामा ओशाळून म्हणाले, “ताई, आता इचारलंच म्हणून सांगतो. समई सकाळीच गेली वाऱ्यानं. तुम्ही तिकडं आकडे बघत हुता. तुमच्या कामाचा दिवस, मनाला लागंल म्हणून म्या काय बोललो न्हाई. तसाच घरला आलो.”

मी फोन ठेवला. समई माझ्यासमोर जळत होती. खोलीत मी होते, आणि हर्डीकर सर होते.

सर जमिनीकडे बघत होते.

“मी लावली,” ते म्हणाले.

देवाचं नाव काढलं तर ज्यांच्या कपाळावर आठी पडायची, गणपतीच्या वर्गणीवर जे उभं व्याख्यान द्यायचे, ते सर.

“तू जेवायला गेलीस तेव्हा पाहिलं, विझली होती. म्हटलं, तू परत येशील, तुला दिसेल. सकाळी हात जोडून उभी होतीस.” ते घसा खाकरले. “काडी लावली की विझायची. म्हटलं पाच मिनिटं एसी बंद करू, ज्योत जरा धरू दे. तेवढ्यात खालून फोन आला. आणि मग विसरलो.”

“माझ्यासाठी?” मी विचारलं.

“हो.” मग त्यांनी चष्मा काढला. “नाही. खरं सांगू? तुझं निमित्त. मला भीती वाटत होती, केतकी. एवढी वर्षं कधी वाटली नाही एवढी. आणि तिथे काडेपेटी पडलेली होती.”

मला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. सर आधी रागावले, मग तेही हसू लागले, डोळे पुसत.

“म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं, सर.”

“अजून सिद्ध झालेलं नाही,” ते एकदम सर झाले. “खोली थंड होऊ दे. मीटर चुकला असेल तर आकडा परत वर चढेल. सांधा खरंच गळत असेल तर—”

“तर नाही चढणार.”

“गेलेला प्रवाह आपणहून परत येत नाही. वेटोळ्यात भरणारं आता बाहेर कुणी नाही. आकडा वर चढला, तर सांधा निर्दोष. दुसरा अर्थच नाही.”

एसी भरात आला. समईची ज्योत फडफडू लागली. मी फुलाने तिला शांत करायला पुढे झाले, पण सरांनी हात आडवा केला.

“राहू दे. लोणकरांनी लावलेली आहे.”

“तुम्ही लावलेली आहे.”

“तेच ते.”

त्यांनी समई उचलली, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीला आडवा धरला आणि पाऊल पाऊल टाकत बाहेर गेले. मी दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून दिसत होतं, सर व्हरांड्यात स्टुलावर बसले होते, समई दोन पायांमधे जमिनीवर, आणि जिन्यावरून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून. काश्मिरी स्वेटर आणि ऑक्टोबरची दुपार. घाम निथळत होता, पण उठले नाहीत.

मी आकड्याकडे बघत बसले. आधी तो पडतच राहिला. मग पडायचा थांबला. मग बराच वेळ काहीच झालं नाही, आणि त्या वेळात मी वेतोबाला, बाबांना, बहिणीच्या वेणीला, सगळ्यांना हाका मारून घेतल्या. मी स्वेटर परत अंगात घातला. दात वाजायला लागले, थंडीने की कशाने कोण जाणे.

मग शेवटचा अंक बदलला. वर.

मी हलले नाही. पुन्हा बदलला. वर. रेघेने मान उचलली. हळूहळू ती चढत सकाळच्या पातळीला आली, तिथे थांबली, आणि सरळ पुढे चालू लागली, जशी काही मधे दुपार झालीच नव्हती.

मी दार उघडलं. सर वळले नाहीत. “काय म्हणतोय?” त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

“सकाळी होता तेवढाच आहे.”

“तेवढाच?”

“तेवढाच, सर. काडीचाही फरक नाही.”

सरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “तुझ्या आईला फोन कर. आणि लोणकरांनाही. पण त्यांना बाकीचं काही सांगू नकोस.”

मी दोघांनाही सगळं सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळी हेलियम संपेपर्यंत रेघ सरळ राहिली. सरांनी ती कागदावर काढून संचालकांना दिली. मधला खड्डा लपवला नाही. त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘खोलीचे तापमान वाढले. चूक माझी.’ संचालकांनी विचारलं, तापमान कशाने वाढलं? सर म्हणाले, “श्रद्धेने.” संचालकांना ते काही झेपलं नाही, पण पुढचं हेलियम त्यांनी मंजूर केलं.

चुंबक पुरा व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यातले सगळे सांधे माझ्या हातचे. कुडाळजवळच्या एका इस्पितळात तो बसवला, तेव्हा त्यात प्रवाह भरायचं बटण सरांनी दाबलं. पुरवठ्याची केबल काढून घेतल्यावर ते चुंबकाच्या अंगावर थाप मारून म्हणाले, “चल बाबा, आता तुझं तू.” पुढच्या आठवड्यात बाबांच्या पाठीचा फोटो तिथे काढला. घरून रिक्षाने गेले आणि जेवायला परत आले. फोटोतल्या पाठीपेक्षा त्यांना त्या यंत्राचाच अभिमान जास्त होता, शेजाऱ्यांना बोलावून तो फोटो दाखवायचे.

सर निवृत्त झाले तरी दर खंडेनवमीला यायचे. पूजेला म्हणून नाही, असं ते दरवर्षी बजावून सांगायचे. मामा समई लावायचे, सर ती उचलून व्हरांड्यात न्यायचे आणि स्टुलावर बसून राखायचे. मामा गेले, मग तीन वर्षांपूर्वी सरही गेले. प्रयोगशाळा आता माझ्याकडे आहे. मीटर नवा आहे, खोली गरम झाली तरी त्याचा आकडा हलत नाही. तरी आमच्याकडे समई बाहेरच असते. नवीन मुलं विचारतात, मॅडम, दिवा व्हरांड्यात का? मी म्हणते, तशी पद्धत आहे.

यंदा नवमीला मी त्या स्टुलावर बसले होते तेव्हा कुडाळहून फोन आला. तिथे यंत्र सांभाळणारा तुषार परब. दर वर्षी तो चुंबकाची तपासणी करून मला कळवतो.

“मॅडम, बघितलं सगळं. काही विशेष नाही. आहे तेवढंच आहे.”

“नवीन प्रवाह भरायला लागला?”

“नाय हो. तो पहिल्याच दिवशी भरलेलो, तोच फिरतासा.”

सरांनी भरलेला. मी त्याला धन्यवाद म्हटलं. फोन ठेवला. जिन्यावरून वाऱ्याची झुळूक आली, तेव्हा मी समईपुढे हात आडवा धरला.